पेचकस आणि टाकणखार

जकात नाक्यावर धान्याच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून आतल्या मालाची खातरजमा करणारा शिपाई आता आपल्याकडे दिसेनासा झाला आहे. परंतु ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना त्याची रीत आठवत असेल. गाडीवानाकडून बिल्टी घ्यावी, तिच्यावरचा मजकूर आणि गाडीतील पोती यांचा मेळ घालावा, आणि मेळ बसूनही मनाचे समाधान झाले नाही तर कोपऱ्यातली सळई उचलावी, असा तो क्रम असे. राज्ये पालटली, नाक्यांवरची निशाणे बदलली, तरी सरहद्दीवरच्या झडतीचे शास्त्र शतकानुशतके एवढ्याच भांडवलावर चालत आले. अफू वासावरून ओळखू येई, सोने वजनावरून, मद्य बाटल्यांच्या किणकिणाटावरून, आणि या सर्वांतून निसटलेला ऐवज पुष्कळदा तो नेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून. लपविलेली वस्तू कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला आपला सुगावा दिल्यावाचून राहत नाही, या विश्वासावर जगातील सारी जकातखाती उभी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र अशी एक वस्तू निर्माण झाली, की जिने हा विश्वास मुळापासून हलविला. आणि तिचा माग काढण्यासाठी माणसाला जे एक नवे इंद्रिय घडवावे लागले, त्याच्या घडणीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

१९४६ साली, हिरोशिमाच्या संहाराच्या आठवणी ताज्या असताना, अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीपुढे रॉबर्ट ओपेनहायमर यांची बंद दरवाजाआड साक्ष झाली. तीन-चार माणसांनी बॉम्बचे सुटे भाग चोरून न्यूयॉर्कमध्ये आणले आणि ते जोडून सबंध शहर उडवून दिले, असे घडणे शक्य आहे काय, या प्रश्नाला त्यांनी निःसंकोच होकार दिला. मग शहरात कोठे तरी दडविलेला असा बॉम्ब हुडकून काढण्यास आपण कोणते उपकरण वापराल, असे एका सभासदाने साहजिकच विचारले, आणि ज्याच्या देखरेखीखाली तो बॉम्ब जन्मास आला त्या शास्त्रज्ञाने उत्तर दिले : पेचकस. बंदरात उतरणारी प्रत्येक पेटी आणि प्रत्येक प्रवाशाची बॅग उघडून पाहण्यावाचून दुसरा इलाज नाही, हा त्या एका शब्दाचा अर्थ होता. म्हणजे अणुयुगाचा प्रणेता नाक्यावरच्या शिपायाच्या सळईपुढे एक पाऊलही गेलेला नव्हता. हे उत्तर सरकारला स्वस्थ बसू देईना. पुढे अणुऊर्जा आयोगाने या प्रश्नाची रीतसर छाननी करण्याचे काम रॉबर्ट हॉफस्टॅटर आणि वुल्फगांग पॅनोफ्स्की या दोन भौतिकशास्त्रज्ञांकडे सोपविले. त्यांनी सादर केलेला गोपनीय अहवाल जाणकारांच्या वर्तुळात 'पेचकस अहवाल' या टोपणनावानेच ओळखला जाऊ लागला.

या अहवालाच्या मागे जे शास्त्र होते ते समजण्यासाठी आणखी थोडे मागे जावे लागते. किरणोत्सारी द्रव्यातून जे जे काही बाहेर पडते त्यांपैकी अल्फा कण कागदाच्या एका कपट्याने अडतात, म्हणून ते पेटीबाहेर येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गॅमा किरण दूरवर जातात, परंतु शिशाचे पुरेसे जाड आवरण त्यांनाही थोपविते. उरतो तो न्यूट्रॉन. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९३२ च्या फेब्रुवारीत जेम्स चॅडविक यांनी त्याचे अस्तित्व सिद्ध केले, आणि ज्या रीतीने सिद्ध केले तिच्यातच पुढल्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. बेरिलियमच्या तुकड्यावर पोलोनियमचे अल्फा कण आदळले म्हणजे त्यातून काही तरी निघते आणि ते शिशातून सहज पार जाते, हे जर्मनीत व फ्रान्समध्ये आधीच दिसून आले होते. चॅडविकनी त्याच्या वाटेत मेणाचा तुकडा ठेवला, तेव्हा मेणातील हायड्रोजनचे अणुगर्भ धडक बसल्यासारखे उडून बाहेर आले. न्यूट्रॉनच्या अंगी विद्युतभार नाही. त्यामुळे तो स्वतः कोणत्याही उपकरणावर खूण उमटवीत नाही. अंधाऱ्या माजघरात शिरलेले मांजर दिसत नाही, पण उतरंडीवरचे भांडे पडले की ते आल्याचे कळते, तशी ही ओळख होती. तेव्हापासून आजतागायत न्यूट्रॉन ओळखावयाचा म्हणजे त्याच्या वाटेत कोणते भांडे ठेवावयाचे, एवढाच प्रश्न राहिला आहे.

दोनच वर्षांनी, १९३४ च्या ऑक्टोबरात, रोममधील व्हिया पानिस्पेर्ना येथील प्रयोगशाळेत एन्रिको फेर्मी यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कार दिसला. एकच प्रयोग लाकडी टेबलावर केला तर एक उत्तर येई, आणि संगमरवरी टेबलावर केला तर दुसरे. फेर्मींनी मध्ये मेणाचा ठोकळा ठेवून पाहिला आणि कोडे सुटले : लाकडातील काय किंवा मेणातील काय, हायड्रोजनवर आदळून आदळून न्यूट्रॉन मंदावतो, आणि मंदावलेला न्यूट्रॉन अणुगर्भात सामावून जाण्याची शक्यता पुष्कळ पटींनी वाढते. काही अणुगर्भ तर अशा मंद न्यूट्रॉनच्या बाबतीत विलक्षण लोभी निघाले. बोरॉनच्या दर पाच अणूंपैकी सुमारे एक अणू ज्या प्रकारचा असतो तो बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळताच फुटून एक अल्फा कण आणि एक लिथियमचा अणुगर्भ बाहेर फेकतो. लिथियम-६ आणि हेलियम-३ हेही असेच वागतात. बाहेर पडणारे हे तुकडे विद्युतभारित असल्याने ते मोजता येतात. १९३९ मध्ये अमेरिकेत सर्ज कॉर्फ यांनी बोरॉन ट्रायफ्लोराइड या वायूने भरलेल्या नळीने न्यूट्रॉन मोजून दाखविले, आणि नळी हे या विद्येचे मुख्य उपकरण ठरून गेले. वायू विषारी होता खरा, पण प्रयोगशाळेच्या चार भिंतींत त्याची तमा बाळगण्याचे कारण नव्हते.

आता या विद्येचा बॉम्बशी संबंध कसा जुळला, ती कथा मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत सुरू होते. १९४० साली गिओर्गी फ्लेरोव्ह आणि कॉन्स्टान्टिन पेत्रझाक हे दोन तरुण आपले उपकरण घेऊन 'डायनॅमो' स्थानकात जमिनीखाली उतरले, कारण अंतराळातून येणाऱ्या किरणांचा गलबला वरच्या मातीच्या थरांनी गाळून घेतल्याखेरीज त्यांना जे ऐकावयाचे होते ते ऐकू येण्यासारखे नव्हते. तेथे त्यांची खात्री पटली की युरेनियमचा अणुगर्भ बाहेरून कोणी न डिवचताही कधी कधी आपोआप दुभंगतो, आणि दुभंगताना न्यूट्रॉन सोडतो. चार वर्षांनी लॉस अलामोस येथे एमिलिओ सेग्रे यांच्या तुकडीला अणुभट्टीत तयार झालेल्या प्लुटोनियममध्ये हाच प्रकार अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळला. दोष प्लुटोनियम-२४० या सोबत्याचा होता. त्या अनाहूत न्यूट्रॉनांमुळे तोफेच्या नळीसारख्या रचनेचा जो प्लुटोनियम बॉम्ब योजला होता, आणि ज्याचे 'थिन मॅन' असे नावही ठेवले गेले होते, तो वेळेआधीच फुसका होऊन जाईल हे स्पष्ट झाले, आणि १९४४ च्या जुलैमध्ये ती सारी तजवीज मोडीत काढून सर्व बाजूंनी दाब देणारी नवी रचना अंगीकारावी लागली. शस्त्र घडविणाऱ्यांना ज्या अवगुणाने हैराण केले, तोच अवगुण पुढे पहारेकऱ्यांच्या उपयोगी पडला. शस्त्रांसाठी तयार केलेल्या प्लुटोनियमच्या एका किलोतून दर सेकंदाला सुमारे ६०,००० न्यूट्रॉन बाहेर पडतात. शिसे त्यांना अडवीत नाही, आणि कितीही कुशल किमयागाराला प्लुटोनियमचे तोंड बंद करता आलेले नाही. शिवाय निसर्गात न्यूट्रॉनांचा वावर अत्यंत विरळ असल्याने, केळ्यांच्या घडांनी किंवा फरशांच्या गाडीने गॅमा शोधक जसे उगीचच बोंब मारतात, तसा घोळ येथे सहसा होत नाही. न्यूट्रॉनने दिलेली वर्दी ही गांभीर्यानेच घ्यावयाची वर्दी असते.

युद्धोत्तर काळात विषारी वायूची जागा हळूहळू हेलियम-३ ने घेतली. हा वायू निरुपद्रवी असून तो न्यूट्रॉन टिपण्यात बोरॉनच्याही वरचढ ठरतो, आणि गॅमा किरणांकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. या उपकरणांची एक जाहीर परीक्षा १९८९ च्या जुलैमध्ये काळ्या समुद्रात याल्टाजवळ झाली. सोव्हिएत विज्ञान अकादमी आणि अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही बिगरसरकारी संस्था यांनी मिळून 'स्लावा' या सोव्हिएत क्रूझर नौकेवरचे एक अण्वस्त्र दुरून ओळखता येते काय ते पाहण्याचे ठरविले होते, आणि शीतयुद्धात ज्या नौकेकडे दुर्बिणीतून पाहण्याचीही अमेरिकनांना चोरी, तिच्या डेकवर अमेरिकन शास्त्रज्ञ आपले उपकरण मांडून बसले होते. त्या प्रसंगी न्यूट्रॉन शोधकांनी सज्ज असे सोव्हिएत हेलिकॉप्टर नौकेच्या आसपास घिरट्या घालीत गेले आणि त्यातील उपकरणांना ५० मीटरांहून अधिक अंतरावरूनही अण्वस्त्राची चाहूल लागली. ('मॉस्क्वा' असे नाव बदललेली हीच नौका २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात काळ्या समुद्रातच बुडाली.) पेचकसावाचून काम भागू शकते, याचा हा पहिला मोठा जाहीर पुरावा होता.

परंतु या यशाच्या मुळाशी एक विचित्र देणे होते, आणि ते कोणाच्या ध्यानी आले नव्हते. हेलियम-३ पृथ्वीवर खणून काढण्याजोगा सापडत नाही. हायड्रोजन बॉम्बमध्ये लागणारे ट्रिटियम हे द्रव्य साडेबारा वर्षांच्या आतबाहेर निम्मे क्षय पावते, आणि त्या क्षयातून हेलियम-३ तयार होतो. शस्त्रागारातील ट्रिटियम वेळोवेळी शुद्ध करताना जो वायू वेगळा निघे तो साठवून ठेवलेला असे, आणि मागेल त्याला स्वस्तात दिला जाई. अमेरिकेने १९८८ साली ट्रिटियमचे उत्पादन थांबविले, शीतयुद्ध संपले, अस्त्रांची संख्या घटत गेली, आणि त्याबरोबर या वायूचा झराही आटत चालला. नेमक्या याच सुमारास, २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर, बंदरे आणि सरहद्दी यांवर किरणोत्साराचे पहारे बसविण्याचा प्रचंड उद्योग सुरू झाला. मालमोटार ज्या दोन खांबांमधून पुढे सरकते, त्या खांबांच्या पोटात पॉलिथिलीनच्या वेष्टनात हेलियम-३ च्या लांबलचक नळ्या उभ्या केलेल्या असत. मेणाचे काम आता पॉलिथिलीन करीत होते, एवढाच काय तो रोमच्या प्रयोगशाळेपासून झालेला फरक. २००१ साली या वायूचा अमेरिकन साठा सुमारे २,३५,००० लिटर होता. तो उपसला जात असता आवक-जावकेचा हिशेब कोणी एकत्र मांडला नाही. आणि २००८-०९ मध्ये जेव्हा तो मांडला गेला, तेव्हा वर्षाची आवक जेमतेम ८,००० लिटर आणि मागणी तिच्या आठपट, असे उघडकीस आले. पहाऱ्याच्या खांबांना यापुढे हा वायू मिळणार नाही, असा निर्णय २००९ मध्ये झाला, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने या गाफीलपणाची जाहीर चौकशी केली. जगात अण्वस्त्रे कमी व्हावीत म्हणून जे केले गेले, त्यानेच चोरट्या अण्वस्त्रावरचा पहारा दुबळा केला होता. कारण पहारेकऱ्याचा शिधा शस्त्रागाराच्या कोठारातून येत होता.

या अडचणीने ज्या विद्येला एकाएकी महत्त्व आले ती मुळात नवी नव्हती. वायूने भरलेल्या नळीऐवजी घन स्फटिकानेच कणाची वार्ता द्यावी, ही कल्पना हॉलंडमध्ये पी. जे. व्हान हीर्डन यांनी १९४५ च्या सुमारास सिल्व्हर क्लोराइडच्या थंड केलेल्या स्फटिकावर सिद्ध केली होती. १९४९ मध्ये बेल प्रयोगशाळेत के. जी. मॅके यांनी जर्मेनियम या अर्धवाहकाकडून अल्फा कण मोजून घेतले. आणि १९५९ मध्ये अमेरिकेतील बॅबकॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धवाहकाच्या चकतीवर बोरॉनचा लेप देऊन न्यूट्रॉनचा चिमुकला शोधक तयार झाल्याचे जाहीर केले. नखाएवढी चकती, नळीला लागणाऱ्या हजार-दीड हजार व्होल्टांच्या जागी मोजके व्होल्ट, आणि फुटण्यासारखी काच नाही की गळण्यासारखा वायू नाही, असे हे साधन दिसावयास आदर्श होते. तरीही पुढली चाळीस वर्षे ते बहुतांशी प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिले. याचे कारण एका हट्टी प्रमाणात होते, आणि ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

बोरॉन-१० च्या थरातून जाणारा मंद न्यूट्रॉन सरासरी १८ मायक्रॉन अंतर कापल्यावर गिळला जातो. म्हणजे दहांपैकी नऊ न्यूट्रॉन पकडावयाचे तर थर ४० मायक्रॉन तरी हवा. केसाची जाडी ७० मायक्रॉनांच्या आसपास असते, तेव्हा ही काही मोठी मागणी नव्हे. परंतु न्यूट्रॉन गिळल्यावर जो अल्फा कण उडतो, त्याची बोरॉनमधली धाव चार मायक्रॉनांच्याही आतच संपते. थर पातळ ठेवावा तर न्यूट्रॉन आरपार निघून जातो. जाड करावा तर न्यूट्रॉन सापडतो, पण त्याची खबर घेऊन निघालेला हरकारा सिलिकॉनच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच वाटेत पडतो. या ओढाताणीत सपाट लेपाच्या चकतीला शंभरांतले चार-पाच न्यूट्रॉन टिपता येत, आणि नाक्यावर दर सेकंदाला हाती लागणाऱ्या थोडक्या न्यूट्रॉनांपैकी पंचाण्णव टक्के सोडून देणारा पहारेकरी कोणीही नेमला नसता.

यातून जी वाट निघाली ती आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. उसाच्या शेतात पाणी सबंध जमिनीवर पसरवीत नाहीत. सऱ्या पाडतात, आणि सरीतले पाणी दोन्ही बाजूंच्या वरंब्यांना पोचते. डग्लस मॅकग्रेगर यांनी आधी मिशिगनमध्ये आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात हाच विचार सिलिकॉनवर चालविला. चकतीच्या पृष्ठभागावर काही दशक मायक्रॉन रुंदीच्या आणि शेकडो मायक्रॉन खोलीच्या सऱ्या कोरावयाच्या, आणि त्या लिथियम-६ च्या फ्लोराइडने ठासून भरावयाच्या. वरून आलेला न्यूट्रॉन सरीच्या खोलीभर प्रवास करतो, म्हणून त्याला पकडण्यास पुरेसे द्रव्य वाटेत मिळते. पण फुटलेल्या अणुगर्भाच्या तुकड्याला तेवढे दूर जावे लागत नाही, कारण आडवे पाहिले तर सिलिकॉनचा वरंबा त्याच्या अगदी हाताशी असतो. खोली न्यूट्रॉनसाठी आणि रुंदी वार्ताहरासाठी, अशी ही वाटणी झाली, आणि शंभरांतले चार-पाच होते तेथे तीसांहून अधिक न्यूट्रॉन हाती लागू लागले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत रेबेका निकोलिक यांच्या तुकडीने सऱ्यांऐवजी दोन मायक्रॉन जाडीचे आणि पन्नास मायक्रॉन उंचीचे सिलिकॉनचे खांब उभे केले, हेमाडपंती देवळाचा सभामंडप एखाद्या राईच्या दाण्यात कोरावा तसे, आणि मधल्या सगळ्या पोकळीत बोरॉन-१० वाफेच्या रूपाने सोडून थिजविला.

दुसऱ्या एका पंथाने पकडणारा आणि बोलणारा असा हा द्वैतभावच नाकारला. गिळणारे द्रव्य हेच अर्धवाहक असेल, तर हरकाऱ्याला कोठे जावेच लागणार नाही. तो जेथे जन्मला तेथेच त्याची साक्ष नोंदली जाईल. नेब्रास्का विद्यापीठातील पीटर डाऊबेन, शिरीन एडनवाला आणि ब्रायन रॉबर्टसन यांनी २००२ च्या सुमारास अर्धवाहक बोरॉन कार्बाइडचे शोधक पुढे आणले; टेक्सस टेक विद्यापीठात हाँगशिंग जियांग आणि जिंग्यू लिन यांनी बोरॉन नायट्राइडचे थर चिकाटीने जाड करीत नेले, आणि शंभरांतले निम्म्याहून अधिक मंद न्यूट्रॉन टिपण्यापर्यंत मजल मारली. यांपैकी कोणतेही साधन हेलियमच्या नळीची जागा सर्वस्वी घेऊ शकले असे मात्र म्हणता येणार नाही. नळी मीटर-दोन मीटर लांबीची करता येते आणि चकती काही सेंटिमीटरांची राहते, म्हणून मालमोटारीच्या वाटेवरच्या खांबासाठी अशा चकत्या शेकड्यांनी जुळवाव्या लागतात; आणि गॅमा किरणांच्या वर्षावात एखादा गॅमा न्यूट्रॉन समजून मोजला जाऊ नये, ही चूक दहा लाखांत फार तर एखादी व्हावी, ही कसोटी सर्वांनाच जड जाते. परंतु जेथे शिपायाच्या कमरेला लटकवावयाचे किंवा पाठीवरच्या पिशवीत न्यावयाचे उपकरण हवे, तेथे स्फटिकाने आपले आसन स्थिर केले.

येथे पहिल्या देण्याचा हिशेब पुन्हा तपासून पाहावासा वाटतो. शस्त्रागाराच्या शिध्यावर जगणारा पहारेकरी या स्फटिकांमुळे स्वतंत्र झाला काय? लिथियमच्या बाबतीत उत्तर निम्मेच होकारार्थी आहे. नैसर्गिक लिथियममध्ये लिथियम-६ शंभरांत साडेसात भाग असतो, आणि तो मोठ्या प्रमाणावर वेगळा काढण्याचा उद्योग टेनेसी राज्यातील ओक रिज येथील वाय-१२ या कारखान्यात १९५० ते १९६३ च्या दरम्यान झाला, तो हायड्रोजन बॉम्बसाठी. त्याच वाय-१२ मधील शास्त्रज्ञांनी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाशी, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी गुलामगिरीच्या अंतानंतर लगेच स्थापन झालेल्या एका जुन्या विद्यापीठाशी, सहकार्य करून लिथियम, इंडियम आणि सेलेनियम यांचा न्यूट्रॉन ओळखणारा लालसर स्फटिक वाढविला. हत्यारासाठी जमविलेले द्रव्य पहाऱ्याच्या कामी आले, ही गोष्ट चांगलीच. पण नाते तुटले असे काही झाले नाही.

बोरॉनची वंशावळ मात्र निराळी आहे, आणि ती आपल्या घरापर्यंत येऊन पोचते. सोनार डाग देण्यापूर्वी सांध्यावर जो टाकणखार लावतो, तो म्हणजे बोरॉनचाच क्षार. संस्कृतात त्याला टंकण म्हणत; तिबेटच्या खाऱ्या सरोवरांकाठचा हा माल हिमालयाच्या खिंडी उतरून हिंदुस्थानात येई, आणि येथून फारशी नावाच्या आधाराने युरोपच्या पेठांत 'टिंकल' होऊन विकला जाई. लडाखच्या पुगा खोऱ्यातही तो आहे. आज जगाचा बहुतेक बोरॉन तुर्कस्तान आणि कॅलिफोर्निया येथून येतो, आणि त्यातून बोरॉन-१० वेगळा करण्याची विद्या, कल्पक्कमच्या द्रुतप्रजनक अणुभट्टीच्या नियंत्रक दांड्यांसाठी का होईना, आपल्या देशातही विकसित झालेली आहे. कॅरमच्या पटावर सोंगटी सरावी म्हणून मुले जी बोरिक पावडर फुंकरीने पसरतात, तिच्यातील बोरॉनच्या दर पाच अणूंमागे एक न्यूट्रॉनचा वैरी असतो. टाकणखाराच्या दाण्याला शस्त्रागाराच्या किल्लेदाराची परवानगी लागत नाही. पहाऱ्याला शस्त्राच्या ऋणातून सोडवावयाचे असेल, तर ती वाट तिबेटी टंकणाच्या या जुन्या पेठेवरून जाते असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तरीही हे नवे इंद्रिय एका बाबतीत आंधळेच राहिले आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्याने ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. प्लुटोनियम बोलते, समृद्ध युरेनियम बोलत नाही. एका बॉम्बास पुरेसे म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ज्या २५ किलोंचा हिशेब धरते, तेवढ्या युरेनियमातून सेकंदाला जे न्यूट्रॉन निघतात ते शंभराच्याही आत असतात, आणि एक चौरस मीटर जमिनीवर आकाशातून दर सेकंदाला साधारण तेवढेच आपोआप पडत असतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एबीसी न्यूज या वृत्तसंस्थेने परीक्षा म्हणून सुमारे सात किलो निःसत्त्व युरेनियम शिशात गुंडाळून इस्तंबूलहून न्यूयॉर्कला समुद्रमार्गे रवाना केले. ते बिनबोभाट पोचले. अशा मुक्या द्रव्याला बोलते करण्यासाठी बाहेरून न्यूट्रॉनांचा किंवा तीव्र किरणांचा मारा करून त्याचा प्रतिध्वनी ऐकण्याच्या पद्धती योजल्या गेल्या आहेत, पण त्यांचा बोजा आणि धोका दोन्ही मोठे.

एबीसीच्या त्या परीक्षेच्याही तीन वर्षे आधी, १९९९ च्या मे महिन्यात, डॅन्यूब नदीवरच्या रूसे येथील पुलावर बल्गेरियाच्या जकात अंमलदारांनी एक मोटार थांबविली. त्यांचा संशय जागा झाला तो चालकाच्या वागण्यावरून. कागदपत्रे चाळता चाळता युरेनियमसंबंधीचा एक दाखला हाती आला. मोटारीच्या मागच्या बाजूस हवा भरण्याचा पंप होता, तो उकलण्यात आला, आणि आत शिशाचे जड भांडे निघाले. त्या भांड्यात, पिवळ्या मेणात रुतवून बसविलेल्या काचेच्या कुपीत, सुमारे चार ग्रॅम समृद्ध युरेनियम होते, जे पुढे तपासणीसाठी लिव्हरमोरला पाठविले गेले. चॅडविक आणि फेर्मी यांच्या हातात ज्या मेणाने न्यूट्रॉनला बोलते केले, तसलेच मेण येथे चोरट्याने मुक्या द्रव्याच्या भोवती लिंपले होते. कोणत्याही स्फटिकाने त्या रात्री घंटा वाजविली नव्हती. एका माणसाला दुसऱ्या माणसाचा चेहरा वाचता आला होता, आणि पंप उकलण्यासाठी जे हत्यार लागले ते बहुधा ओपेनहायमर यांनी सांगितले तेच असावे.